भिजत घोंगडं

आमच्या मुलखात पाऊस कमी, आणि पावसाबद्दलची अक्कल त्याहून कमी. सुप्याच्या माळावर वर्षभरात जेवढं पाणी पडतं तेवढ्यात कोकणातल्या माणसाची चप्पलसुद्धा नीट भिजायची नाही. तरी हल्ली आमच्या बारामतीतल्या सोसायटीतून सकाळी फिरायला निघणाऱ्या बायका पाहिल्या तर वाटतं, या आता थेट हिमालयालाच निघाल्या. आभाळात हाताएवढा ढग दिसला की यांच्या अंगावर जाकिटं चढतात. चेन, चेनवर पट्टी, पट्टीवर बटण, टोपीला दोरी, दोरीला गाठ. परवा आमच्याच मजल्यावरच्या एक बाई तक्रार घेऊन आल्या. जाकीट एवढं भारीतलं, पण दुसऱ्याच पावसाळ्यात खांद्यावरून पाणी आत येतंय. मी विचारलं, धुतलं कसं? म्हणाल्या, "मशीनला लावलं की हो. गरम पाण्यात, भरपूर पावडर टाकून. शेवटी ते वासाचं पाणीसुद्धा घातलं." मी इतकी हसले की त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाऊस अडवणारं वस्त्र म्हणजे काही तान्हं बाळ नव्हे, गरम पाण्यानं न्हाऊ घालायला. हसले खरी, पण दार लावून आत आले आणि बराच वेळ स्वतःच्या हातांकडं बघत बसले. पावसाचं वस्त्र गरम पाण्यात घालून मारायचा पहिला मान त्या बाईंचा नव्हे. तो माझा, आणि फार जुना.

आमची वस्ती सुप्यापासून दीड कोसावर, माळाच्या कडेला. दगडमातीचं दोन खणांचं घर, वर पत्रे, शेजारी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलेलं मेंढरांचं वाडगं. भावकीतल्या सगळ्यांनी मेंढरं केव्हाच विकून टाकली होती. कुणी ऊस लावला, कुणी बारामतीच्या कारखान्यात लागलं. माझा थोरला भाऊ, दादा, तोही तिथंच कामाला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पस्तीस-चाळीस मेंढरं तेवढी धरून ठेवली होती, आणि ज्यांनी विकली त्यांच्याबद्दलचा तिरस्कारही तितक्याच निगुतीनं सांभाळला होता. सकाळी आई चुलीवर हुलग्याचं माडगं ढवळायची, वाडग्यात कोकरं केकाटायची, आणि आबा ओट्यावर बसून गरम माडग्याचे भुरके मारत जगाला नावं ठेवायचे. ऊसवाले आळशी, नोकरीवाले लाचार, चहा पिणारे पोटाचे कच्चे. मी त्यांच्या शेजारी बसून ऐकायचे. नाकं मुरडायला मी तिथंच शिकले, आणि मला वाटतं, आबांपेक्षाही चांगली शिकले.

पावसात माणूस काय पांघरतो यावरून आबा त्याची लायकी ठरवायचे. छत्रीवाला त्यांच्या लेखी सगळ्यात खालचा. "एक हात छत्रीला दिला की माणूस थोटा झाला," म्हणायचे, "मंग काठी कशात धरायची, कोकरू कशात घ्यायचं?" खताच्या पोत्याची खोळ करून डोक्यावर घेणाऱ्याला ते निदान माणसात धरायचे. आणि रेनकोटला त्यांनी नाव ठेवलं होतं, पापुद्रा. कांद्याचा असतो तसा. बाजारच्या दिवशी सुप्याच्या रस्त्यावर रेनकोटवाला मास्तर सायकलवरून जाताना दिसला की आबा मेंढरांना सांगायचे, "बाजूला व्हा रं, पापुद्रा आला." खरं वस्त्र एकच. घोंगडं.

आबांचं घोंगडं इंदापूरचे गंगाराम तात्या विणायचे. ते जातीनं सनगर, घोंगडी विणणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, घरात खड्ड्यातला माग. आमच्याच मेंढरांची काळी लोकर आबा गाठोड्यात बांधून एसटीनं तिकडं न्यायचे. तात्यांची बायको ती कातायची, तात्या सुताला चिंचोक्याची खळ द्यायचे आणि विणायचे. चिंचोके भाजून, कुटून, शिजवून केलेली ती घट्ट खळ आणि लोकरीतला मेंढराच्या अंगचा तेलकटपणा, या दोन्हींच्या जोरावर घोंगडं पाणी अडवतं. थेंब वर बसतो, घरंगळतो, आत येत नाही. आधीचं घोंगडं आबांनी सोळा पावसाळे वापरलं होतं. चालता चालता मेंढी व्याली तर ओलं कोकरू त्या घोंगड्याच्या आत, काखेत घालून आणायचे, आणि घरी पोचेपर्यंत कोकरू कोरडं झालेलं असायचं. नव्या घोंगड्याचे नियम आईला आणि मला तोंडपाठ होते. ओलं असताना घडी घालायची नाही. चुलीपाशी वाळवायचं नाही, वाऱ्यावर टाकायचं. कुणी त्यावर बसायचं नाही. धुवायचं नाही, असा नियम मात्र आबांनी कधी सांगितला नाही. मेंढरू धुऊ नका, असं कुणी सांगतं का? घोंगडं धुवावं असं कुणाच्या मनात येईल, हेच त्यांच्या मनात आलं नव्हतं.

त्या वर्षी आखाडात नवं घोंगडं घरी आलं. कडक, काळंभोर, काठाला पांढरी पट्टी, आणि वास असा की घरात बोकड बांधलाय असं वाटावं. मी सुप्याच्या शाळेतून बारावी झाले होते. डी.एड.चा फॉर्म भरायला बारामतीला जायचं होतं, आबा सोबत आले, नवं घोंगडं खांद्यावर टाकून. एसटीत आमच्या पुढच्या बाकावर दोन कॉलेजच्या मुली बसल्या होत्या. एकीनं मागं वळून पाहिलं, नाकाला रुमाल लावला, दुसरीला कोपरानं ढोसलं, आणि दोघी उठून पार पुढं ड्रायव्हरमागं जाऊन उभ्या राहिल्या. बसायला जागा असताना उभ्या. आबांना वाटलं, पोरींनी म्हाताऱ्याला पाय पसरायला जागा दिली. म्हणाले, "गुणाच्या हायेत." मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दोघींची मला चीड यायला हवी होती. मला चीड आली घोंगड्याची. आज त्या दोघींना मी मनातल्या मनात पुष्कळ सुनावते, पण त्याचा उपयोग काय? त्या दिवशी मी त्यांच्या बाजूची होते.

दादानं मला रेनकोट आणला तो याच सुमाराला, बारामतीच्या एसटी स्टँडबाहेरच्या गाड्यावरून. जांभळा, टोपीवाला, खिशाला चकचकीत बटण. खरेदी कशी केली ते त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. विक्रेत्यानं रेनकोटची पाठ दोन्ही हातांवर झोळीसारखी धरली, तीत तांब्याभर पाणी ओतलं, आणि खाली एक थेंब पडला नाही. "बघ आबा, थेंब न्हाय!" दादा म्हणाला. आमच्याकडं सगळे असंच पारखून घेतात. पाठीच्या मधोमध पाणी ओततात आणि खूश होतात. पाऊस काय पाठीच्या मधोमध नेम धरून पडतो? खांद्यावर शिवण असते, शिवणीला सुईची भोकं असतात, तिथं ओता की पाणी. पण हे शहाणपण आजचं. तेव्हा आबांनी बोटांच्या चिमटीत रेनकोट उचलला, उजेडात धरला, एवढंच म्हणाले, "पापुद्रा," आणि माझ्या अंगावर टाकला. मला तो जगातला सगळ्यात सुंदर रंग वाटला होता.

श्रावण-भादवा नेहमीसारखे कोरडेच गेले. पहिल्या यादीत माझं नाव लागलं नाही. मग एक दिवस पत्र आलं. इंदापूरच्या डी.एड. कॉलेजात प्रतीक्षायादीतली एक जागा मोकळी झालीय, अमुक दिवशी दुपारी बाराच्या आत मूळ कागद घेऊन हजर राहावं, न आल्यास पुढच्या उमेदवाराला जागा दिली जाईल. आईनं पत्र देवापुढं ठेवलं. आबा लगेच म्हणाले, "मी येतो संगं." माझ्या डोळ्यांपुढं एसटीतला तो रुमाल आला. हा वास घेऊन आबा माझ्या कॉलेजात येणार, मास्तरणींच्या पुढ्यात उभे राहणार.

जायच्या आधी आठ दिवस असतील. आबा पाहुण्यांकडं गेले होते, आई खुरपायला. मी चुलीवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, धुण्याचा सोडा दोन ओंजळी टाकला आणि घोंगडं आत दाबलं. वरती पिवळट तवंग आला, दुधावर साय यावी तसा. मी तो आनंदानं काढून काढून फेकला. काय घाण होती, म्हणून. मग धोपाटण्यानं झोडपलं, तीन पाण्यांतून काढलं, बाभळीवर वाळत टाकलं. सोड्यानं माझ्या बोटांची सालं निघाली, तळवे चुरचुरायला लागले, पण संध्याकाळी घोंगड्याला नाक लावलं तर वास नाही. कुठलाच नाही. कडकपणाही गेला होता, जुन्या लुगड्यासारखं मऊ लागत होतं. आबांनी आल्यावर हात फिरवला आणि कपाळाला आठी घातली. "नवं असून मऊ कसं गं लागतंय?"

"उन्हात घातलं होतं," मी म्हणाले.

"उन्हानं मऊ पडतंय व्हय?" ते पुटपुटले. "तात्यानं खळीत हात आखडला जणू." मी पीठ मळत होते. मान वर केली नाही.

जायच्या दिवशी पहाटेपासून परतीचा पाऊस. आमच्याकडं पडतो तो खरा हाच, आणि तो कुणाची वाट बघून पडत नाही, नुसता कोसळतो. घरात एक वाक्य धड ऐकू येत नव्हतं, पत्रे असे वाजत होते. आईनं भाकरी-ठेचा बांधून दिला. शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कलिस्ट मी एका फायलीत घातली आणि फाईल रेनकोटच्या आतल्या खिशात. आबांनी घोंगड्याची खोळ करून डोक्यावर घेतली. दीड कोस चिखल. पाऊण वाटेवर माझ्या खांद्यातून गार पाणी पाठीवर उतरलं, मग काखेत, मग खिशाच्या बाजूनं. मी घाबरून फाईल बाहेर काढली. आबा थांबले, माझ्याकडं पाहिलं, आणि काय तुच्छ नजर होती ती! "शिवण गळती पापुद्र्याची. आन हिकडं कागदं." त्यांनी फाईल घोंगड्याच्या आत, काखेत घेतली, कोकरू घेतात तशी. मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, धुतलेल्या घोंगड्याची मला आठवणसुद्धा झाली नाही. धुतल्यानं काही बिघडतं हेच मला ठाऊक नव्हतं. बारावीला जीवशास्त्रात मला चांगले मार्क होते.

सुप्याच्या स्टँडवर शेडखाली आबांनी खोळ उतरवली, तेव्हा तिच्यातून पाणी धारेनं गळत होतं. त्यांचा सदरा पार चिकटलेला. त्यांनी फाईल काढली. पुठ्ठा लगदा झाला होता. मार्कलिस्ट छापील, ती वाचली. दाखला शाळेतल्या कारकुनानं शाईच्या पेनानं लिहिलेला. माझं नाव, जन्मतारीख, जात, शेरा, सगळं एक निळं डबकं. आबांनी तो कागद माझ्या हातात दिला. मग घोंगडं मुठीत घेऊन पिळलं, आणि पिळलं तसं पाणी पडलं, फडक्यातून पडावं तसं. "सोळा पावसाळं जुन्यानं थेंब आत घेतला न्हाय," ते हळू आवाजात म्हणाले, "आन ह्यो नवा माल!" आता ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. "सनगरानं फसवलं," एवढंच म्हणाले. आणि मला तिथल्या तिथं, त्या शेडखाली, ओल्या कपड्यांत, सगळं समजलं. तवंग, सोडा, मऊपणा. तोंड उघडायची ती वेळ होती. पण आबांनी मला शिकवायचं कबूल केलं होतं ते एका अटीवर. ज्या दिवशी खोटं बोललीस त्या दिवशी शिक्षण बंद. चुलत्यांनी माळशिरसकडचं एक स्थळ आणून ठेवलंच होतं. एसटी आली. मी चढले.

इंदापूरच्या कॉलेजातल्या कारकुनाबद्दल दोन ओळी लिहिते, त्याहून जास्त त्याची लायकी नाही. त्यानं दाखला दोन बोटांनी धरला, मग आबांच्या ओल्या घोंगड्याकडं पाहिलं आणि खुर्ची मागं सरकवली. वास तर मी धुऊन काढला होता, तरी सरकवली. "हे काय वाचायचं आम्ही? मूळ दाखला नाही तर जागा नाही." आतून एक वयस्क बाई आल्या. त्यांनी कागद उजेडात धरला, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "उद्या अकरापर्यंत थांबते. शाळेतून दुय्यम प्रत आणा. अकराला पुढच्या मुलीला बोलावणार." आबांनी त्यांना हात जोडले. आबांना हात जोडताना मी त्याआधी फक्त देवापुढं पाहिलं होतं.

बाहेर पडल्यावर ते एसटीकडं वळले नाहीत, तात्यांच्या गल्लीकडं वळले. मी मागं पळत होते. माग चालू होता, खट्-धप्प, खट्-धप्प. आबांनी उंबऱ्यातूनच घोंगडं तात्यांच्या पुढ्यात फेकलं. "ठेव तुझं! माझ्या मेंढरांची लोकर, आन खळीत चोरी? पोरीचं कागद भिजलं. पोरीचं नशीब भिजवलंस, तात्या!" गल्लीतली माणसं दारात आली. तात्या मागाच्या खड्ड्यातून वर आले. शांत, बारीक माणूस. त्यांनी घोंगडं उचललं, दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग त्यांनी वर पाहिलं. आबांकडं नाही, माझ्याकडं. माझ्या चेहऱ्याकडंही नाही, हातांकडं. बोटांची सालं अजून निघत होती. मी हात पाठीमागं नेले. तात्यांनी घोंगडं दोरीवर टाकलं आणि म्हणाले, "आबा, खळ पातळ पडली असंल. माझाच हात चुकला."

गल्लीनं ऐकलं. आबा म्हणाले, "आता तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाय." पण इंदापुरात आमचं दुसरं कुणी नव्हतं, आणि अकराच्या आत सुप्याला जाऊन यायचं तर एकट्यानंच जायला हवं होतं. तात्यांची बायको पुढं झाली. "भांडान तुमच्या दोघांचं. पोर भिजलीया, ती हितं ऱ्हाईल." आबांनी जरा विचार केला. "वैनीकडं बघून पोर ठेवतो," म्हणाले. "सकाळी न्हेतो. घोंगडं न्हेणार न्हाय." मग माझ्याकडं हात पुढं केला. "दे त्यो पापुद्रा." मी रेनकोट काढून दिला. त्यांनी तो काखेत मारला आणि उघड्या डोक्यानं पावसात निघून गेले.

संध्याकाळी तात्यांच्या बायकोनं मला तिचं कोरडं लुगडं नेसायला दिलं, गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. मी भिंतीकडं तोंड करून जेवत होते, चुलीपाशी दोघांचं बोलणं चाललं होतं. ती दबल्या आवाजात म्हणाली, "सोड्यात उकळलंय त्ये, मला हितनं दिसतंय. तुमी का बोलला न्हाय? सुप्याकडची सारी मेंढकं आबाच्या शब्दावर चालत्यात. नाव कुणाचं ग्येलं?" तात्या म्हणाले, "पोरीला उद्याच्याला कागद द्यायचाय. त्यो बाप आज रागानं तिला माघारी घिऊन ग्येला असता, तर तिचं शिकणं तितंच संपलं असतं. माझं काय, एक घोंगडं." मी तोंडातला घास पाण्याच्या घोटानं खाली ढकलला आणि दुसरी भाकरी मागून घेतली. ती दुसरी भाकरी मला अजून आठवते. लाज वाटत असली तरी माणसाला भूक लागते.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आबा कॉलेजच्या फाटकातून आले. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, धोतर मांडीपर्यंत चिखलानं माखलेलं. सदऱ्याच्या आतून त्यांनी एक जांभळी चपटी पुडी काढली, लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेली. लोकर कातरायच्या कात्रीनं त्यांनी रेनकोटची पाठ कापून काढली होती. नुसती पाठ, एकसुद्धा शिवण नाही. त्यात दुय्यम प्रत, चुलीतल्या राखेसारखी कोरडी. कारकुनानं प्रत उलटून पाहिली. आबा त्याला म्हणाले, "पापुद्रा चांगला हाय. शिवणारा गाढव हाय." माझं नाव रजिस्टरात लिहिलं गेलं.

त्यानंतर आबांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. सुप्याच्या बाजारात, माळावर, यात्रेत, लग्नात, जिथं चार मेंढकं बसतील तिथं त्यांनी सांगितलं. इंदापूरच्या सनगराकडं घोंगडं करू नका, खळीत चोरी करतो, स्वतःच्या तोंडानं कबूल झाला. आमच्या बाजूची लोकर इंदापूरला जायची थांबली. मी दोन वर्षं त्याच गावात शिकले. पहिल्या वर्षी गल्लीवरून जाताना मागाचा आवाज यायचा, मग मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले. दुसऱ्या वर्षी कळलं, माग बंद पडला आणि तात्या एका मंगल कार्यालयावर राखणदार म्हणून लागले. लोक म्हणतात, कारखान्याची ब्लँकेटं आली, काळ बदलला. मीही तेच म्हणायचे. काळाच्या डोक्यावर काहीही घालावं, तो उलटून बोलत नाही. चोराच्या उलट्या बोंबा असतात म्हणे. माझी तर बोंबसुद्धा नव्हती, मी नुसती गप्प होते, आणि गप्प बसून मास्तरीण झाले. मुलांना फळ्यावर "नेहमी खरे बोलावे" असा सुविचार सुवाच्य अक्षरात लिहायचे.

सात वर्षं हे भिजत घोंगडं तसंच पडलं होतं. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत वस्तीवर गेले होते. ओट्यावर आबा दादाच्या पोरीला हीच गोष्ट सांगत होते, रेनकोट कापल्याचा भाग हातवारे करून. गोष्ट संपल्यावर ती सहा वर्षांची पोर माझ्याकडं वळून शहाण्यासारखी म्हणाली, "आत्या, सनगर लबाड असतात ना गं?" आबांचाच आवाज, आबांचीच नाक मुरडायची तऱ्हा. माझीही. मी तिला सांगणार होते, तसं बोलू नये बाळा. त्याऐवजी तोंडातून निघालं, "आबा, घोंगडं मी सोड्यात उकळलं होतं."

आबांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वाडग्याकडं तोंड केलं. मेंढरं आता दहा-बाराच उरली होती. शेवटी म्हणाले, "मंग त्यो का बोलला न्हाय?" मी चुलीपाशी ऐकलेलं सगळं सांगितलं. आबा उठले, पटका बांधला. "इंदापूरची गाडी किती वाजता हाय?"

त्या गल्लीत आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. तात्या खाकी सदरा घालून दारात बसले होते. आत मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या, फळ्यांवर कांदे पसरलेले. आबा उंबऱ्याबाहेर उभे राहिले. काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "तात्या, घोंगडं चांगलं व्हतं."

"ठावं हाय मला," तात्या म्हणाले.

ते आत गेले आणि पेटीतून घोंगडं घेऊन आले. घडीतून वाळलेला कडुनिंबाचा पाला खाली पडला. त्याला पुन्हा खळ दिलेली होती, मेंढराच्या लोकरीचं तेल चोळलेलं होतं, ते पुन्हा कडक झालं होतं, आणि वास, तोच बोकडासारखा, घरभर सुटला. आबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, भर उन्हाळ्यात खोळ करून डोक्यावर ओढलं, आणि त्यातून त्यांचा चेहरा दिसेनासा झाला. खोळीच्या आत त्यांचे खांदे हलत होते. मला रडू आवरेना. तात्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला, मी तो घेतला, तेव्हा तात्यांनी सात वर्षांनी पुन्हा माझ्या हातांकडं पाहिलं.

"शाळंवर हाय न्हवं आता?" त्यांनी विचारलं.

"हो, तात्या."

"बाई," ते म्हणाले. मला, सुप्याच्या मेंढक्याच्या पोरीला, बाई म्हणाले, आणि खोळीतल्या आबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले. "ह्ये परत धुऊ नगा."